एकच कापड, दोन मापं



गेल्या आठवड्यात आपण साठवणीच्या मसाल्यांबद्दल बोललो. आता येतील ती पत्रं मसाल्यांचीच असतील, अशी माझी समजूत होती. पण मिरजेच्या एका भगिनींचं पत्र अगदीच निराळं निघालं. वाचून बाजूला ठेवावं असं ते नव्हतं, म्हणून आजचं हे पान त्यांच्यासाठी. आणि खरं सांगायचं तर, घरसंसार सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या तुम्हां सगळ्याजणींसाठीसुद्धा.

या भगिनी गेली काही वर्षं दिवाळीचा फराळ करून देतात. ऑर्डरी फोनवर येतात, त्या त्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये लिहून ठेवतात. पुण्याची सून आपल्या ओळखीतल्या ऑर्डरी घेते, त्या तिच्या आयफोनात राहतात. बिलं करतात यजमान, घरच्या कॉम्प्युटरवर. म्हणजे धंदा एक आणि वह्या तीन! मग व्हायचं तेच झालं. गेल्या दिवाळीत सुनेच्या फोनातली एक ऑर्डर कॉम्प्युटरपर्यंत पोचलीच नाही, आणि ती नेमकी तिच्या माहेरची निघाली. वसुबारस उलटली तरी डबे गेले नाहीत. पैशाचं नुकसान थोडं, पण सासूसुनांत जो अबोला धरला गेला, तो मोठा.

आता ओळखीतला एक मुलगा त्यांना अ‍ॅप करून देतो म्हणतो. मात्र तो म्हणतो, तीन करावी लागतील. अँड्रॉइडचं एक, आयफोनचं एक, कॉम्प्युटरचं एक, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. यंदाची भिशी या ताईंना लागली आहे. ती सगळी त्यात घालावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, उत्तर आधी देते आणि मग कारणं सांगते. तीन अ‍ॅप करू नका. एकच करून घ्या, पण ते नीट बेतून घ्या. भिशीतले बरेचसे पैसे शिल्लक राहतील.

तो मुलगा तीन का म्हणतो?

तो काही फसवत नसावा. प्रत्येक यंत्राच्या आत कारभार पाहणारी एक व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तुमच्या फोनात अँड्रॉइड, सुनेच्या फोनात आयओएस, घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज. या तिघींच्या रीती वेगळ्या, भाषाही वेगळ्या. अँड्रॉइडचं अ‍ॅप बहुधा कॉटलिन किंवा जावा या भाषेत लिहितात, आयफोनचं स्विफ्टमध्ये, विंडोजचं पुष्कळदा सी-शार्पमध्ये. आयफोनचं अ‍ॅप तयार करायला कारागिराकडे अ‍ॅपलचाच कॉम्प्युटर लागतो. ते अ‍ॅपलच्या दुकानात ठेवायचं तर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. गूगलच्या दुकानात नाव नोंदवायला एकदाच २५ डॉलर पडतात.

म्हणजे तीन स्वयंपाकघरं, तीन आचारी. त्यातून उद्या तुम्ही म्हणालात, "अनारशांचा दर बदलायचाय," की तो तीन ठिकाणी बदलायचा. एका ठिकाणी राहिला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! खर्चापेक्षाही मला हीच भीती जास्त वाटते.

यावर उपाय काय? तिन्ही यंत्रांच्या खाली एकच सामायिक पाया घालायचा, आणि अ‍ॅप त्या पायावर एकदाच बांधायचं. या पायालाच प्लॅटफॉर्म म्हणतात.

कल्पना जुनी, पण धडा घेण्याजोगी

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं १९९५ साली जावा ही भाषा आणली. "एकदा लिहा, कुठंही चालवा" असंच तिचं ब्रीद होतं. पुढं फोन आले आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. मायक्रोसॉफ्टनं २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० काढलं, त्याबरोबर युनिव्हर्सल विंडोज प्लॅटफॉर्म नावाचा असा सामायिक पाया दिला. अ‍ॅप एकदा लिहायचं. तेच कॉम्प्युटरवर चालणार, टॅब्लेटवर चालणार, विंडोजच्या फोनवर आणि मुलांच्या खेळाच्या एक्सबॉक्सवरही चालणार.

हे काम मोठं नेटकं होतं, बरं का. त्याचा नमुना तुमच्या घरात असेल. विंडोज १० किंवा ११ असलेल्या कॉम्प्युटरवर कॅल्क्युलेटर उघडा. त्याची चौकट अरुंद केली की नुसते आकडे दिसतात, आणि आधीच्या बेरजांची यादी एका लहान चिन्हामागं जाते. चौकट कडेला धरून रुंद केली की तीच यादी उजवीकडं आपोआप येऊन बसते. अ‍ॅप एकच, पण जागा पाहून आपली मांडणी बदलतं. आज दुपारी करून पाहाच.

मग हे चाललं का? कॉम्प्युटरवर चाललं, फोनवर नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१४ साली नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला होता. तोच नोकिया, ज्याचे फोन एके काळी आपल्याकडे घरोघर होते. पण विंडोजचे फोन घेणारे थोडे, म्हणून त्यांच्यासाठी अ‍ॅप करणारे थोडे. अ‍ॅप थोडी, म्हणून फोन घेणारे आणखी थोडे. विंडोज १० यायच्या तीन आठवडे आधीच कंपनीनं त्या धंद्यापोटी सुमारे ७६० कोटी डॉलरचा तोटा मांडला आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२० मध्ये विंडोजच्या त्या फोनांची देखभालही थांबली.

पाया कच्चा नव्हता, मैत्रिणींनो. पण तो एकाच मालकाच्या वाड्यातल्या खोल्यांपुरता होता. त्या वाड्याच्या सगळ्या खोल्यांना एक किल्ली चालायची; पण माणसं राहायला गेली होती शेजारच्या दोन वाड्यांत, अँड्रॉइडच्या आणि आयफोनच्या. म्हणून "हे सामायिक आहे" असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणाकोणात सामायिक? तुमच्या घरात ज्या तीन जातींची यंत्रं आहेत, ती तिन्ही त्यात बसतात का?

आज कोणते मार्ग आहेत?

मुख्यतः दोन.

पहिला मार्ग ब्राउझरचा. क्रोम, सफारी, एज ही ज्यांची नावं, त्या खिडक्यांतून आपण वेबसाइट पाहतो. त्या सगळ्यांना समजणारी भाषा एकच असते, आणि ती एकट्या कोणा कंपनीच्या मालकीची नाही. या भाषेत अ‍ॅप लिहिलं की ते तुमच्या फोनवर, सुनेच्या आयफोनवर आणि यजमानांच्या कॉम्प्युटरवर तेच चालतं. दुकानात ठेवावं लागत नाही, म्हणून ते डॉलर वाचतात. फोनच्या पडद्यावर त्याचं चिन्ह ठेवता येतं, त्यामुळं ते इतर अ‍ॅपसारखंच उघडतं. नीट बांधलं असेल तर इंटरनेट गेल्यावरही उघडतं आणि लिहिलेलं जपून ठेवतं. पूर्वी आयफोनवर अशा अ‍ॅपला "नवी ऑर्डर आली" अशी हाक घालता येत नसे. मार्च २०२३ पासून तीही सोय झाली आहे. मात्र त्यासाठी अ‍ॅपचं चिन्ह आधी पडद्यावर ठेवावं लागतं.

दुसरा मार्ग तयार संचांचा. गूगलचा फ्लटर हा असा एक संच. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली ती फोनांसाठी. विंडोजच्या कॉम्प्युटरसाठी तो २०२२ च्या फेब्रुवारीत पक्का झाला, मॅक आणि लिनक्ससाठी त्याच वर्षी मेमध्ये. फेसबुकचा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१५ चा. मायक्रोसॉफ्टनंही धडा घेतला. २०२२ च्या मे महिन्यात आलेला त्यांचा माउई नावाचा संच अँड्रॉइड, आयफोन, मॅक आणि विंडोज अशा चौघांना धरून आहे. या संचांनी केलेली अ‍ॅप जास्त चपळ असतात आणि यंत्राच्या अंगात जास्त खोल शिरू शकतात. उदाहरणार्थ, ब्लूटूथवर चालणारा बिलाचा छोटा प्रिंटर जोडायचा असेल तर आयफोनच्या सफारीत ती सोय नाही. तिथं संचाचंच अ‍ॅप हवं.

मग तुम्ही काय करावं, ताई? जरा मोजा, हे अ‍ॅप वापरणार कोण? तुम्ही, सून आणि यजमान. गिऱ्हाईक तर फोन करणार किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणार. चकलीसाठी कोणी नवं अ‍ॅप उतरवून घेत नाही. तीन माणसांसाठी ब्राउझरचं अ‍ॅप पुष्कळ झालं. पुढं व्याप वाढला, दुकान घातलं, प्रिंटर आला, तर संचाचा विचार करता येईल.

कापड एक, पण माप दोघींचं वेगळं

आता बेतण्याबद्दल. एकाच ताग्यातून तुम्ही स्वतःचा आणि लेकीचा ब्लाऊज शिवता. कापड एक, रंग एक, दोराही तोच. पण म्हणून तुमच्याच मापानं दोन्ही कापत नाही ना? अ‍ॅपचंही तसंच आहे. आतलं कापड एक ठेवायचं: दर, ऑर्डरी, उधारी, बिलाचा हिशेब, सगळ्याचे नियम. ते एकदाच लिहायचे. बाहेरची मांडणी मात्र फोनसाठी एक आणि कॉम्प्युटरसाठी दुसरी. हे न समजलेले कारागीर फोनचं चित्र ओढून ताणून कॉम्प्युटरवर लावतात, नाहीतर कॉम्प्युटरचा भला मोठा तक्ता फोनवर कोंबतात. दोन्ही अंगाला बसत नाहीत.

फोन आपण एका हातात धरतो. दुसऱ्या हाताला पीठ लागलेलं असतं, शेगडीवर कढई असते. काम सगळं अंगठ्याचं. म्हणून बटणं मोठी हवीत. गूगलच्या शिफारशीप्रमाणं बोटाला सापडण्यासाठी साधारण ९ मिलिमीटरची जागा लागते. एका वेळी एकच ऑर्डर दिसावी. नेहमी लागणारं बटण पडद्याच्या खालच्या बाजूला असावं, म्हणजे अंगठा तिथवर सहज पोचतो.

कॉम्प्युटरवर यजमान बसून काम करतात. त्यांना यादी सबंध दिसायला हवी: नाव, जिन्नस, वजन, पैसे आले की नाहीत. हात कीबोर्डवर असतो, म्हणून टॅबचं बटण दाबलं की पुढच्या रकान्यात जायला हवं, दर वेळी माउसकडं धावायला लागू नये. आणखी एक बारीक गोष्ट सांगते. कॉम्प्युटरवर माउसचा बाण नुसता वर नेला की काही सूचना उमटतात. फोनवर बोट असं अधांतरी धरता येत नाही. तेव्हा महत्त्वाची कोणतीही सूचना अशी लपवलेली नसावी.

आणि आपल्या भाषेचं विसरू नका. "कोऱ्या", "चकल्यांचं", "ज्ञानेश्वरनगर", "कोल्हापूर" अशी नावं तिन्ही यंत्रांवर लिहून पाहायला सांगा. जोडाक्षरं मोडली, ऱ्य फुटला, मात्रा कापली गेली, तर तिथंच थांबवा. पत्ता चुकला की डबाही चुकतो.

सगळ्यात जपायचं ते हिशेबाला

इथं माझा स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मंडळाच्या भिशीचा हिशेब आम्ही एका अ‍ॅपमध्ये ठेवत होतो. ते होतं फक्त फोनसाठी, आणि सगळा हिशेब खजिनदार बाईंच्या फोनातच. तो फोन एके दिवशी पाण्याच्या बादलीत पडला. अकरा महिन्यांचा हिशेब आम्ही वीसजणी आठवून आठवून लिहायला बसलो. एका हप्त्यावरून दोघींचं जमेना. त्या दोघींचं बोलणं तेव्हापासून तुटलं, ते अजून पुरतं जुळलेलं नाही. अ‍ॅप करणाऱ्याला काय दोष द्यायचा? "हिशेब राहतो कुठं?" हे आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून ताई, ऑर्डरी कोणा एकाच्या यंत्रात नकोत. त्या एका मध्यवर्ती जागी राहाव्यात आणि तिन्ही यंत्रांनी तिथून वाचाव्यात. नुसत्या ब्राउझरच्या पोटात ठेवल्या, तर कोणी साफसफाई म्हणून ब्राउझरची साठवण पुसली की त्याही पुसल्या जातात.

दुसरी मेख याहून बारीक आहे. समजा तुम्ही फोनवर एका ऑर्डरीत दोन किलोचे तीन किलो केलेत. त्याच वेळी यजमानांनी कॉम्प्युटरवर त्याच ऑर्डरीचा पत्ता दुरुस्त केला. तुमच्याकडं इंटरनेट नव्हतं, तुमचा बदल नंतर पोचला. अ‍ॅप जर "शेवटी आलेलं ते खरं" असं मानून सबंध ऑर्डर बदलत असेल, तर तुमचे तीन किलो राहतील आणि त्यांनी सुधारलेला पत्ता पुसला जाईल. कोणाला कळणारही नाही! यावर उपाय आपल्या जुन्या वहीचाच आहे. खोडायचं नाही, खाली नवी ओळ लिहायची. कोणी, केव्हा, काय बदललं याची प्रत्येक ओळ राहिली म्हणजे चूक सापडते, आणि घरात संशयाला जागा उरत नाही. मिरजेच्या घरातली चूक अशी नोंद असती तर पहिल्याच दिवशी दिसली असती.

पैसे देण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी

हे प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि त्या मुलासमोर ठेवा.

१. तुझं एक अ‍ॅप माझ्या फोनवर, सुनेच्या आयफोनवर आणि आमच्या कॉम्प्युटरवर चालताना मला आता दाखवशील का? बोलण्यावर जाऊ नका, तिन्हीवर पाहा.

२. दर एका ठिकाणी बदलला की तिन्हीकडं बदलतो का?

३. इंटरनेट नसताना लिहिलेली ऑर्डर राहते का? फोन विमानाच्या खुणेवर टाकून ऑर्डर लिहा, मग पुन्हा जोडून पाहा.

४. सगळ्या ऑर्डरी एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात का? सीएसव्ही नावाची फाइल मागा, ती एक्सेलमध्ये उघडते. महिन्यातून एकदा ती पेनड्राइव्हवर ठेवा.

५. लिहिलेला सगळा मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो आमच्या नावे देणार ना? हे मागायला संकोचू नका. झामरिन नावाच्या अशाच एका संचाची देखभाल मायक्रोसॉफ्टनं १ मे २०२४ रोजी बंद केली. ज्यांच्याकडे आपला कोड होता, त्यांना दुसऱ्या संचावर बिऱ्हाड हलवता आलं.

६. तिघांना तीन वेगळी नावं आणि वेगळे पासवर्ड आहेत का? गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर ही आपल्याकडं ठेवलेली त्यांची ठेव आहे.

पैसे एकदम देऊ नका. आधी ऑर्डर लिहिणं आणि यादी पाहणं एवढंच करून घ्या, तेवढ्याचेच द्या. गौरी-गणपतीत मोदकांच्या थोड्या ऑर्डरी त्यावर घेऊन पाहा, आणि पहिली दिवाळी कागदाची वहीही बरोबर चालू ठेवा. दोन्हींचा ताळा रोज रात्री जमला, तर पुढच्या वर्षी वहीला सुटी द्यायला हरकत नाही.

आणि ताई, एक शेवटचं. अ‍ॅप कसं असावं हे ठरवायला बसाल तेव्हा सुनेला बोलवा. तिच्या फोनावर काय कुठं असावं, हे तिनंच सांगावं. गेल्या दिवाळीला चूक तिची नव्हती आणि तुमचीही नव्हती. तीन वह्यांची होती. हे तिला तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. कुठलंही अ‍ॅप हे काम तुमच्यासाठी करणार नाही.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात धान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं ते पाहू. तुमच्याकडचे घरगुती उपाय असतील तर जरूर कळवा.